डोरियन वाजवायला घेतले तरी कानाला सी मेजरच ऐकू येते, काय चुकते आहे?

धामकाठ (जिल्हा वर्धा)

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो, शेती करतो आणि गेल्या दोन वर्षांपासून गिटार शिकतो आहे. गावात गिटार शिकवणारे कोणी नाही, त्यामुळे जे काही येते ते मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून आणि स्वतः चाचपडून आलेले आहे. साध्या कॉर्ड बदलता येतात, सी मेजर स्केल गिटारच्या मानेवर पाच ठिकाणी वाजवता येते, आणि कॅपो (सगळ्या तारांचा सूर वर नेण्यासाठी मानेवर लावायची पकड) कसा लावायचा तेही ठाऊक आहे.

आमच्या गावात दर गुरुवारी भजन असते. खंजिरी, टाळ, तबला आणि पेटी एवढाच संच असतो आणि मंडळींनी मोठ्या मनाने मलाही बाजूला बसवून घेतले आहे. काही चालींना मायनर कॉर्ड बसतात हे मला कळले होते, पण मायनर स्केल वाजवायला गेलो की नेमका एक सूर खटकायचा. पेटीवरच्या काकांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाबू, हे काफी होय, धैवत शुद्ध लाव.” घरी येऊन शोधल्यावर समजले की धैवत म्हणजे सरगमातला ध, आणि पाश्चात्त्य संगीतात याच स्वरांच्या स्केलला डोरियन म्हणतात, आणि व्हिडिओत सांगितले होते की सी मेजरचेच सात सूर डी पासून डी पर्यंत वाजवले की डी डोरियन तयार होते.

मी महिनाभर तसेच वाजवतो आहे. बोटे बरोबर पडतात, एकही सूर चुकत नाही, परंतु कानाला डोरियन असे काही वेगळे ऐकू येत नाही. सी मेजरच मधूनच सुरू केल्यासारखे वाटते आणि थांबायची वेळ आली की बोट आपोआप सी वर जाऊन विसावते. यात माझे नेमके काय चुकते आहे आणि सराव कोणत्या क्रमाने करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोर्शीची पेटी

धामकाठभाऊ, तुमच्या काकांनी अगदी बरोबर सांगितले आहे आणि तुमची बोटेही चुकत नाहीत. तुमचा फक्त षड्ज, म्हणजे सा, सुटतो आहे. मी तीस वर्षांपासून भजनात पेटी वाजवतो, गिटार मला येत नाही, पण माझा मुलगा घरी गिटार वाजवत असल्यामुळे दोन्ही वाद्यांची सांगड घालायची थोडी सवय झाली आहे.

पेटीवर हा प्रकार लवकर समजतो, म्हणून तिथूनच सांगतो. पांढरी एकला (सी च्या पट्टीला) सा मानून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावल थाटाचे (थाट म्हणजे सात सुरांचा ठरलेला संच) सूर मिळतात, म्हणजे तुमचे सी मेजर. त्याच पट्ट्या, पण सा पांढरी दोनला मानला की गंधार (ग) आणि निषाद (नी) कोमल, म्हणजे एक पट्टी खालचे, होतात आणि बाकीचे शुद्ध राहतात, तो काफी थाट. पांढरी तीनला सा मानला तर भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज आणि सहाला आसावरी. पांढरी सातला सा मानला तर शुद्ध पंचमच (प) मिळत नाही, म्हणून संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या दहा थाटांत त्या रचनेला जागा नाही. पाश्चात्त्य मंडळी तिला लोक्रियन म्हणतात.

आता मुद्दा असा की पट्ट्या त्याच सात असताना सहा वेगवेगळे थाट होतात ते केवळ सा कोणता यावरून, आणि तो सा ऐकणाऱ्याच्या कानात सतत वाजत असला पाहिजे. गायक तानपुरा उगाच लावत नाही. तुम्ही डी पासून सुरुवात करता हे खरे, परंतु मागे काहीच वाजत नसल्यामुळे आणि दोन वर्षे कानाला सी हेच घर म्हणून सवय लागल्यामुळे कान डी ला सा न मानता रे मानतो. रे पासून सुरू केलेले बिलावल हे बिलावलच राहते.

यावर उपाय गिटारमध्येच आहे. सर्वांत जाड तार, म्हणजे सहावी, ई वरून दोन फ्रेटइतकी खाली उतरवून डी ला लावा. चौथी खुली तारही डीच असते, तिच्यापेक्षा ही एक सप्तक खाली आली की झाले. आता सहावी, पाचवी आणि चौथी या तिन्ही खुल्या तारा सा, प, सा अशा बोलतील. तोच तुमचा तानपुरा. अंगठ्याने या तीन तारा संथपणे छेडत राहायचे आणि पहिले तीन-चार दिवस दुसरे काहीही वाजवायचे नाही, फक्त तोंडाने सा धरायचा. हे कंटाळवाणे वाटेल, परंतु माझ्या मते अर्धे काम इथेच होते.

त्यानंतर एकाच तारेवर चढा. चौथ्या तारेवर खुला सूर सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, तिसऱ्यावर कोमल ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर शुद्ध ध, दहाव्यावर कोमल नी आणि बाराव्यावर वरचा सा. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर ठेवून २, ३, ५ घ्या, मग हात सरकवून तर्जनी सातव्यावर आणा आणि ७, ९, १० घ्या. मुलाला शिकताना पाहून माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट आवर्जून सांगतो. सा रे ग म मधली अंतरे आणि प ध नी सां मधली अंतरे तंतोतंत सारखी आहेत: दोन फ्रेट, एक फ्रेट, दोन फ्रेट. म्हणजे ० २ ३ ५ हा तुकडा एकदा हातात बसला की ७ ९ १० १२ हा त्याचाच जुळा भाऊ आहे. ही सगळी अंतरे उलट्या क्रमाने मोजली तरी जशीच्या तशी येतात, म्हणून चढताना जे चालणे तेच उतरताना. हे सौंदर्य सी मेजरमध्ये नाही.

सहा तारा (वणी)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका बाबतीत थोडे वेगळे मत मांडतो. एका तारेवरचा सराव कान तयार करतो, परंतु तो पंधरा दिवसांहून अधिक लांबवू नये, कारण भजनाच्या लयीत एवढ्या मोठ्या उड्या मारताना हात मागे पडतो. मी शाळकरी मुलांना गिटार शिकवतो आणि ज्यांनी एकच तार फार दिवस धरली त्यांना तारा ओलांडायला नंतर जास्त त्रास झाला, असा माझा अनुभव आहे.

डी ला सा मानल्यावर ओलांडण्याचा सोपा रस्ता असा आहे. सा रे ग म चौथ्या तारेवर ०, २, ३, ५ या फ्रेटवर आणि प ध नी सां तिसऱ्या तारेवर २, ४, ५, ७ या फ्रेटवर. तोच तुकडा दोन फ्रेट पुढे सरकला, एवढेच. त्यानंतर खुल्या तारा वापरून पाहा: तिसरी खुली तार म, तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर प, दुसरी खुली तार ध, तिच्या पहिल्या फ्रेटवर नी, तिसऱ्यावर वरचा सा, पहिली खुली तार रे आणि तिच्या पहिल्या फ्रेटवर ग. दुसरी खुली तार म्हणजे बी, आणि तोच तुमच्या काकांनी सांगितलेला शुद्ध धैवत आहे. काही न दाबता तो गिटारमध्ये आधीपासून बसलेला आहे.

तुम्हाला मायनर स्केल वाजवताना जो सूर टोचत होता तो कोमल धैवत. तुम्ही वाजवत होता ते नैसर्गिक मायनर, म्हणजे आपल्याकडच्या आसावरी थाटाचे सूर, आणि त्यात व डोरियनमध्ये फरक केवळ त्या एका सुराचा आहे. तो फरक ओळखण्यासाठी खालचा सा वाजत ठेवून तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट आणि चौथा फ्रेट आलटून पालटून वाजवा. तिसऱ्यावर मन खाली बसल्यासारखे होते, चौथ्यावर त्याच उदासीत थोडा उजेड येतो. ज्या दिवशी हा फरक डोळे मिटून ओळखता येईल, त्या दिवशी डोरियन तुम्हाला आले असे खुशाल समजा, मग वेग असो वा नसो.

कॉर्डच्या बाबतीत मात्र काळजी घ्या, कारण तुमचा सूर सी कडे ओढला जाण्याचे दुसरे कारण तिथे असू शकते. डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्ड आलटून पालटून चार-चार मात्रा वाजवा. डी मायनरमध्ये सा, कोमल ग आणि प आहेत; जी मेजरमध्ये म, शुद्ध ध आणि सा आहेत. म्हणजे डोरियनची दोन्ही लक्षणे, कोमल गंधार आणि शुद्ध धैवत, या दोन कॉर्डमध्ये येऊन जातात आणि सा दोन्हींत टिकून राहतो. इथे जी सेव्हन वाजवू नका. जी सेव्हनमध्ये एफ आणि बी हे दोन सूर एकत्र येतात आणि त्यांच्यातला ताण सी मेजरच्या ई आणि सी वर जाऊन सुटायला पाहतो. दोन वर्षे सी मेजर वाजवलेल्या कानाला तर ती वाट पाठच असते. सी मेजर कॉर्ड डोरियनमध्ये वर्ज्य नाही, पण पहिला महिनाभर ती बाजूला ठेवलेली बरी, आणि पुढे घेतली तरी तिच्यावर ओळ संपवू नये.

स्वरलेखा (गोंदिया)

मी गायन शिकवते. गिटारच्या तांत्रिक बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण दोन गोष्टी राहून गेल्यासारख्या वाटल्या.

पहिली अशी की काफी थाट आणि डोरियन यांचे सूर सारखे असले तरी थाट म्हणजे राग नव्हे, आणि डोरियन म्हणजे काफी राग तर मुळीच नव्हे. भीमपलास आणि बागेश्री हे दोन्ही राग काफी थाटातलेच मानले जातात. भीमपलासात आरोहाला, म्हणजे चढताना, रिषभ (रे) आणि धैवत वर्ज्य आहेत, उतरताना मात्र सातही सूर येतात. बागेश्रीत पंचम अगदी जपून लावला जातो. तुम्ही सरळ सा रे ग म प ध नी सां असे चढत गेलात तर सूर सगळे बरोबर असूनही यांपैकी एकही राग दिसणार नाही. म्हणून भजनाची चाल ज्या रागाच्या अंगाने बांधली आहे त्या रागाचे चालणे पेटीवरच्या काकांकडून ऐकून घ्या आणि डोरियन स्केल हा केवळ सुरांचा डबा आहे, असे समजा. डब्यातले कोणते सूर कोणत्या क्रमाने बाहेर काढायचे हे चाल ठरवते.

दुसरी गोष्ट सरावाची. वाजवण्याआधी प्रत्येक तुकडा सरगम म्हणून गा आणि मगच तारेवर शोधा. “सा रे ग, रे सा” एवढे म्हणा, वाजवा. “रे ग म, ग रे सा” म्हणा, वाजवा. “म प ध, प म ग रे सा” म्हणा, वाजवा. प्रत्येक तुकडा सा वर परत आलाच पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या मुली प्रवेशिकेच्या परीक्षेसाठी अलंकार पाठ करतात, पण ज्या मुली तानपुरा लावून हळू म्हणतात त्यांचेच सूर पुढे टिकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. गिटारवर आणखी एक सोय आहे, ती म्हणजे तार किंचित खेचून सूर वर नेता येतो. फ्रेटवरचा कोमल गंधार सा पासून ३०० सेंटवर (सेंट हे सुरांमधले अंतर मोजायचे एकक) असतो, कारण प्रत्येक फ्रेट १०० सेंटचा असतो. सा शी कंपनांचे ६:५ हे गुणोत्तर असलेला गंधार त्याहून सुमारे १६ सेंट वर असतो. एकटे वाजवताना तार अगदी नखभर खेचून तो गंधार लावून पाहा, कानाला फार गोड लागतो. पेटीबरोबर मात्र हे करू नका, कारण पेटीचे सूरही गिटारसारखेच समान अंतरांवर लावलेले असतात आणि तुमचा खेचलेला गंधार तिच्याशी भांडेल.

धामकाठ (जिल्हा वर्धा)

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस सांगितल्याप्रमाणे केले, त्याचा वृत्तान्त देतो.

सध्या हरभरा उभा आहे आणि रानडुकरांमुळे रात्री वावरात जागलीला जावे लागते. गिटार सोबत नेले. मचाणावर बसून सहावी तार डी ला उतरवली आणि पहिले चार दिवस खरोखरच सा, प, सा एवढेच छेडत राहिलो. पाचव्या रात्री तिसऱ्या तारेचा तिसरा आणि चौथा फ्रेट आलटून पालटून वाजवत होतो. अंधारात फ्रेट दिसत नव्हते, फक्त बोटाला लागत होते. बराच वेळ दोन्ही सूर मला सारखेच वाटले. मग स्वरलेखाताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी तोंडाने “म प ध” म्हटले आणि धैवतावर थांबून मग तो तारेवर शोधला, तेव्हा बोट आपोआप चौथ्या फ्रेटवर गेले. त्यानंतर तिसऱ्या फ्रेटवर गेलो तर तोच खटकणारा सूर निघाला जो गुरुवारी मला टोचत होता. त्या क्षणी अंगावर काटा आला. आता सी वर थांबलो तर ते थांबणे अपुरे वाटते, पाऊल हवेत राहिल्यासारखे, आणि डी वर आलो की घरी आल्यासारखे वाटते.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. आमचे भजन काळी एकमध्ये (सी शार्पमध्ये) असते, मी शिकतो आहे ते डी म्हणजे पांढरी दोनमध्ये. कॅपो लावून सूर खाली तर आणता येत नाही. आणि चौथ्या तारेवर नवव्या फ्रेटपासून पुढचे सूर मला थोडे चढे वाटतात, तो माझ्या कानाचा दोष की गिटारचा?

सहा तारा (वणी)

वाचून फार आनंद झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चौथी तार बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर नुसती स्पर्शून वाजवा, म्हणजे घंटेसारखा सूर निघेल. मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच असले पाहिजेत. दाबलेला सूर चढा निघत असेल तर दोष तुमच्या कानाचा नाही. बहुतेक वेळा तारा फ्रेटपासून जास्त उंच झालेल्या असतात, त्यामुळे दाबताना तार ताणली जाते आणि सूर वर जातो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ते कोरडे पडते, त्यामुळे गिटारची मान आणि वरची फळी जागा सोडतात. माझे पहिले गिटार मी एका उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली भिंतीला टांगून ठेवले होते आणि त्याचा ब्रिज (तारा अडकवायची लाकडी पट्टी) उचलला गेला. तेव्हापासून उन्हाळ्यात गिटार त्याच्या केसमध्ये बंद करून घराच्या सर्वांत थंड खोलीत ठेवतो आणि आत ओलसर स्पंज असलेली छिद्रांची डबी ठेवतो. जागलीला नेता तेव्हा रात्रीच्या दवापासूनही त्याला जपा, त्याने तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार कधीच नीट सुरात लागत नाही. तारा जुन्या असतील तर आधी त्याच बदलून पाहा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

मोर्शीची पेटी

काळी एकसाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की आत्ता आहेत त्या सहाही तारा एकेक फ्रेटइतक्या खाली उतरवा. मग तुमची बोटे डी डोरियनचीच राहतील आणि निघणारा सा काळी एकचा असेल. तारा थोड्या सैल पडतील, त्यामुळे जोरात छेडू नका.

दुसरा मार्ग म्हणजे सा ए वर मानून शिकणे आणि चौथ्या फ्रेटवर कॅपो लावणे. त्यासाठी सहावी तार पुन्हा ई ला चढवा. मुलाने मांडून दिलेले देतो, कॅपोला शून्य मानून मोजा: पाचव्या तारेवर सा रे ग साठी ०, २, ३; चौथीवर म प ध साठी ०, २, ४; तिसरीवर नी आणि सां साठी ०, २. कॉर्ड ए मायनर आणि डी मेजरच्या आकाराच्या. पाचवी खुली तार सा आणि सहावी खुली तार खालचा पंचम देते, म्हणजे तानपुरा इथेही आहे. महिला मंडळाचे भजन काळी पाचमध्ये असेल तर हाच आकार पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून चालेल. काळी दोन हवी असेल तेव्हा मात्र तुमच्या डी च्या आकाराला पहिल्या फ्रेटवर कॅपो पुरेसा आहे.

एक महत्त्वाचे. जुन्या पेटीचे सूर बरेचदा मोबाईलच्या ट्यूनरशी जुळत नाहीत, कारण सुऱ्या (पेटीत सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) घासून किंवा धूळ बसून थोड्या चढलेल्या वा उतरलेल्या असतात. पेटी तिथल्या तिथे बदलत नाही, गिटार बदलते. म्हणून गुरुवारी भजन सुरू होण्याच्या आधी दहा मिनिटे जाऊन बसा, काकांना भाता हलवून काळी एकचा सा धरायला सांगा आणि आधी तुमची सा ची तार, मग पंचमाची तार त्या सुराला लावा. बाकीच्या तारा या दोघींवरून लावून घ्या. पहिल्या भजनाला फक्त सा आणि प छेडत राहा. दुसऱ्या भजनात जिथे चाल धैवतावर येते तिथे तो एकच सूर पेटीबरोबर लावून पाहा आणि काकांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. बरोबर लागला तर ते मान डोलावतील.